बोल्टमधला चिखल आणि ‘बदललेली’ कॉइल

तीन महिन्यांत माझ्या बाइकच्या एकाच दुखण्यावर मी तीनदा पैसे भरले. आधी बॅटरी, मग रेक्टिफायर (कॉइलची वीज बॅटरीला चालेल अशी करणारा भाग), मग मॅग्नेट कॉइल (इंजिन चालू असताना वीज तयार करणारी). दुखणं होतं एका जळक्या कपलरचं, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या सॉकेटचं, आणि ते त्या मेकॅनिकला माहीत होतं. माझा राग त्याचाच आहे. चुकीचं निदान मी विसरले असते.

सुरुवात अशी झाली. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक. मीटरचे दिवे मंदावायचे, रिले (स्टार्टरला वीज देणारा स्विच) वाजायचा, पण इंजिन हलायचं नाही. गाडीला किक नाही. चार-पाच वेळा बटण दाबून पाहिलं, शेवटी ढकलून सुरू केली आणि तशीच गॅरेजला नेली. त्यानं चावी ऑन केली, हेडलाइट लावला, दोनदा सेल्फ मारला आणि मग बॅटरीला मीटर लावला. ११.६ व्होल्ट. “ताई, तुम्हीच बघा. बारासुद्धा नाहीत. बॅटरी गेली.” आकडा डोळ्यांसमोर होता, मी काय बोलणार?

तो आकडा खरा होता. फक्त तो कुठल्या अवस्थेत घेतला होता, हे विचारायचं मला सुचलं नाही. आधीच उतरलेली बॅटरी, त्यात हेडलाइट चालू, त्यात सेल्फ मारून दमवलेली. अशा वेळी धडधाकट बॅटरीसुद्धा बाराच्या खाली दिसू शकते. बॅटरी तपासायची तर आधी चार्जरवर पूर्ण भरायची, काही तास नुसती ठेवायची आणि मग मीटर लावायचा. १२.६ ते १२.८ दिसलं तर ती भरलेली आहे. मग मीटर लावलेला असतानाच सेल्फ मारायचा. आकडा घसरतो, पण साधारण दहाच्या आसपास टिकला पाहिजे. आठ-नऊवर कोसळला तर बॅटरी खरंच गेली. यातलं काहीही न करता मला नवीन बॅटरी विकली. जुनी त्यानं ठेवून घेतली आणि तिचे पैसे बिलातून वजाही केले नाहीत. बॅटरीतल्या शिशाला भंगारात चांगला भाव असतो, हे मला नंतर कळलं. ती बॅटरी खरोखर गेली होती की नाही, हे मात्र मला आता कधीच कळणार नाही.

तीन आठवड्यांत नवी बॅटरीही उतरली. या वेळी त्यानं गाडी सुरू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. इंजिन बंद पडलं. “बघा, चार्जिंगच नाहीये. रेक्टिफायर उडाला.” ही युक्ती कुणी तुमच्या गाडीवर करायला लागलं तर तिथेच हात धरा. चालू इंजिनवर बॅटरी सोडवली की व्होल्टेज एकदम उसळू शकतं आणि त्यात चांगला रेक्टिफायर किंवा इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जाऊ शकतो. चार्जिंग बघायला बॅटरी काढावीच लागत नाही. सगळं जोडलेलं ठेवून बॅटरीच्या टोकांना मीटर लावायचा आणि रेस चार-पाच हजार आरपीएमपर्यंत न्यायची. १३.५ ते १४.५ आलं तर चार्जिंग ठीक. तेरापर्यंतही चढत नसेल तर काहीतरी अडलंय. पंधराच्या वर गेलं तर रेक्टिफायर व्होल्टेज आवरत नाहीये, आणि मग बॅटरी उकळून मरते.

रेक्टिफायर बदलला. महिनाभरानं पुन्हा तेच. आता म्हणाला, कॉइल जळलीय, मॅग्नेट कव्हर उघडावं लागेल, दोन दिवस गाडी ठेवा. ठेवली. परत मिळाली तेव्हा सेल्फ एका दाबात लागला. चार्जिंग दाखवलं, १४.१. मी त्याचे मनापासून आभार मानले. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

पाच आठवड्यांनी पुन्हा टक-टक. मी त्या गॅरेजला गेले नाही. माझा आतेभाऊ मोटार रिवाइंडिंगचं काम करतो, त्याला फोन केला. तो आला आणि आधी काहीच न उघडता गाडीभोवती फिरला. मग चावी बंद ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि मध्ये मीटर लावून, बंद गाडी करंट खातेय का ते पाहिलं. जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर. म्हणजे रात्रीत बॅटरी कुणी पीत नव्हतं. (असा मीटर लावलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.) मग त्यानं सीट काढली आणि कॉइलकडून रेक्टिफायरकडे जाणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा माग काढला. त्यांचं कपलर वायरिंगच्या जुडग्यात टेपखाली दडलेलं होतं.

टेप सोडवली तेव्हाच जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. पांढरं कपलर एका कोपऱ्यात तपकिरी होऊन फुगलं होतं. ते हातानं निघेना, पक्कडीनं ओढावं लागलं. आतल्या तीन पिनांपैकी एक काळी पडली होती, आणि त्या काळ्या थरातून बारीक, चकचकीत ओरखडे दिसत होते. दादानं ती पिन उजेडात धरली आणि म्हणाला, “हिला कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय. फार जुनी गोष्ट नाही.”

पिन सैल झाली की सांध्यात अडथळा येतो, तिथे उष्णता होते, उष्णतेनं पिनेची स्प्रिंग आणखी ढिली पडते आणि सांधा आणखी तापतो. तीनपैकी एक वायर अशी अडली की कॉइल चांगली असूनही चार्जिंग निम्म्यावर येतं. मग गर्दीतल्या हळू रस्त्यावर, हेडलाइट लावून, बॅटरी रोज थोडी थोडी उतरत जाते. पॉलिश पेपर मारला की काही आठवडे बरं चालतं. माझी गाडी बरोबर तेवढीच चालली होती.

कपलर गाडी बंद असतानाच वेगळं केलेलं होतं. मग दादानं इंजिन सुरू करून कॉइलच्या बाजूनं एसी व्होल्टेज मोजलं. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली. पाच हजार आरपीएमला ५८, ५८, ५७. आकडा गाडीगणिक वेगळा असतो, पण तिन्ही जोड्या जवळपास सारख्या आल्या पाहिजेत, आणि इंजिन बंद करून पाहिलं तर कुठल्याही पिवळ्या वायरीची बॉडीशी सलगता (म्हणजे आतून जोडलेलं असल्याची खूण) मीटरनं दाखवता कामा नये. दाखवत नव्हती. “कॉइल उत्तम आहे,” तो म्हणाला.

“असणारच, नवीन आहे,” मी म्हणाले.

तो मॅग्नेट कव्हरपाशी खाली बसला आणि मला बोलावलं. कव्हरच्या अ‍ॅलन बोल्टांच्या खाचा वाळलेल्या चिखलानं गच्च भरल्या होत्या. नखानं टोकरलं तरी सुटेना, दगडासारखा. त्या खाचेत पाना गेल्याशिवाय कव्हर उघडत नाही. गॅस्केटची (कव्हर आणि इंजिन यांच्यामधल्या सीलच्या पट्टीची) कडही काळपट, तेलकट, वर्षानुवर्षांची. कॉइल बदलली असती तर गॅस्केट नवा असता आणि त्याची कड स्वच्छ दिसली असती. त्या कव्हरला कुणी हात लावलेला नव्हता.

त्या मेकॅनिकनं कपलर शोधलं, घासलं, पुन्हा टेप गुंडाळली आणि बिल कॉइलचं लावलं. गाडी दोन दिवस ठेवून घेतली ती काम मोठं वाटावं म्हणून. घासणं हा तात्पुरता इलाज आहे, हे ज्याला कपलर शोधता येतं त्याला ठाऊक असतंच.

बोल्टांचे फोटो घेऊन मी त्याच्याकडे गेले. आधी म्हणाला, चिखल नंतर उडाला असेल. महिन्याभरात पाऊस झालाच नव्हता, ते सांगितलं. मग म्हणाला, पोऱ्यानं काम केलं असेल, मला कल्पना नाही. जुनी कॉइल दाखव म्हटलं तर ती भंगारात गेली. पैसे परत द्यायला तयार नव्हता, पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये बघू म्हणाला. बिलावर फक्त “इलेक्ट्रिक काम” लिहिलेलं होतं, भागाचं नाव नाही, नंबर नाही. माझ्या हातात धरायला काहीच नव्हतं. म्हणून बिलावर बदललेल्या भागाचं नाव लिहून घ्या, आणि जुना भाग हवाय हे काम सुरू होण्याआधी सांगा. झाल्यावर मागितलात तर तो भंगारात गेलेला असतो.

दादानं कपलर कापून टाकलं, तिन्ही वायरी सोल्डर केल्या आणि वर हीट-श्रिंकची, म्हणजे तापवली की आवळणारी, नळी चढवली. चार हजार आरपीएमला, हेडलाइट लावून, १४.२. त्याला पाच महिने झाले. आता गाडी कुठेही कामाला सोडण्याआधी मी मॅग्नेट कव्हरच्या दोन बोल्टांवर, अर्धा बोल्टवर आणि अर्धा कव्हरवर येईल असा, नेलपॉलिशचा ठिपका लावते आणि त्याचा फोटो काढून ठेवते.