चित्रांच्या दालनात एसी बसवून घेतला, पाचपैकी साडेतीन स्टार

आमच्या ट्रस्टची सोलापुरात जुनी दगडी इमारत आहे, वर माळवद, खाली दोन दालनांत तैलचित्रं आणि जुने फोटो. आधी एका लोकल एसीवाल्याने दोन स्प्लिट ठोकून दिले होते, सकाळी दहाला चालू संध्याकाळी सहाला बंद, बघायला येणारे खूश की काय गार वाटतंय, आणि दोन वर्षांत कॅनव्हासवरचा रंग पोपडे धरायला लागला.

मग पुण्याची एक कंपनी बोलावली. आल्या आल्या कोटेशन दिलं नाही हे आवडलं, एप्रिल ते ऑगस्ट नुसते डेटा लॉगर (तापमान-आर्द्रता नोंदवत राहणारी छोटी यंत्रं) लावून ठेवले. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्के, ऑगस्टात ८०! त्यांचा इंजिनिअर म्हणाला, साहेब तुम्ही रोज एसी चालू-बंद करता ना, त्यानेच चित्रं मरतात, लाकूड, कॅनव्हास, त्यावरचा सरस म्हणजे गोंद, रंग, सगळं वेगवेगळं फुगतं-आकसतं. आणि ३२ अंशाची ५० टक्केवाली हवा ओलावा न काढता २४ वर आणली तर आर्द्रता ८० ला जाते, म्हणजे पावसाळ्यात आपणच बुरशी पाळायची. युद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रं १९४१ पासून वेल्समधल्या मॅनॉडच्या खाणीत ठेवलेली, तिथं १७ अंश आणि ४२ टक्के कायम ठेवलं तर पोपडे निघायचे जवळपास थांबले, लंडनला परत आणल्यावर पुन्हा सुरू. हे ऐकल्यावर आमचे अध्यक्ष लाइट बिलावर बोलायचे थांबले (थोडा वेळ).

काम सुबक. दगडाला एक भोक पाडलं नाही, पाइप सगळे जुन्या झरोक्यातून. हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर वेगळा, एसी चोवीस तास हळू, आर्द्रता ४० ते ६० च्या मधे. भिंतीला कोणीतरी मारलेला सिमेंटचा गिलावा काढून परत चुन्याचा करायला लावला, नाहीतर ओल आतच कोंडते म्हणे, आणि खरंच लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) कमी झालाय.

दीड स्टार कुठं गेला तर ड्रेन पाइपला उतारच नीट दिला नव्हता. जूनमध्ये रात्री वॉचमन मामांचा फोन, "दादा, भिंतीवनं पाणी गळायलंय की ओ." सर्व्हिसवाल्यांचं चार दिवस "उद्या येतो" चाललं, शेवटी आमच्याच प्लंबरने उतार काढून दिला, बिल अजून त्यांच्याकडे पडून आहे. लाइट गेली की काय करायचं त्याचंही उत्तर त्यांच्याकडे नाही, तेवढा वेळ दारंखिडक्या बंद ठेवा म्हणतात, जाड भिंती आहेत म्हणून निभतंय.

लॉगर मात्र परत नेऊ दिले नाहीत, पैसे मोजून आमच्याकडेच ठेवून घेतले.