शिकवणी, दुरुस्तीचे दुकान, सेवा केंद्र की घरबसल्या कोडिंग? सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानातील अर्धवेळ कामांची तुलना

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि अकरावीचे वर्ग खऱ्या अर्थाने भरू लागेपर्यंत पावसाळा बराच पुढे सरकलेला असतो. या मोकळ्या महिन्यांत विज्ञानाची आवड असलेल्या मुलाने किंवा मुलीने एखादे अर्धवेळ काम धरावे का, आणि धरायचे तर कोणते, हा प्रश्न अनेक घरांत निघतो. तंत्रनिकेतनात पदविकेला प्रवेश घेतलेल्यांच्या घरी तो पुढेही निघत राहतो. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत सहज सापडणारे पर्याय मुख्यतः चार आहेत: खालच्या वर्गांतील मुलांची गणित-विज्ञानाची शिकवणी, मोबाइल किंवा संगणक दुरुस्तीच्या दुकानात मदतनीस म्हणून काम, सरकारी दाखल्यांच्या सेवा केंद्रातील संगणकाचे काम, आणि घरी बसून संकेतस्थळे किंवा छोटे प्रोग्रॅम तयार करून देणे. यांची तुलना करताना मिळणारी रक्कम मी मुद्दाम मागे ठेवली आहे, कारण या वयात ती कुठेच फार मोठी नसते. मुलाची चूक कोण दाखवतो आणि किती लवकर दाखवतो, हा माझ्या दृष्टीने निवडीचा खरा निकष आहे, आणि त्या निकषावर या चार कामांत मोठे अंतर पडते.

कायदा आधी पाहावा

बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला, तेव्हा चौदा ते अठरा वयोगटासाठी ‘किशोरवयीन’ असा स्वतंत्र वर्ग त्यात आला. खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत या वयाच्या मुलांना कामाला ठेवता येत नाही. इतर आस्थापनांत ठेवता येते, परंतु विश्रांतीचा आणि वाट पाहण्याचा वेळ धरून कामाचा कालावधी दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त पसरता कामा नये, सलग तीन तासांनंतर किमान एक तासाची सुट्टी हवी, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी हवी आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम देता येत नाही. ही शेवटची अट कागदावर साधी वाटते, पण दुकानांच्या बाबतीत तीच निर्णायक ठरते. मोबाइलच्या दुकानात खरी गर्दी माणसे कामावरून घरी परतताना, म्हणजे सातच्या पुढेमागेच होते आणि मालकाला मदतनीस हवा असतो तोही नेमका त्याच वेळी. त्यामुळे वेळेची बोलणी पहिल्याच दिवशी, पालकांच्या उपस्थितीत करावीत, नाहीतर ‘आजच्या दिवस थांब’ असे म्हणता म्हणता रोजचे नऊ वाजू लागतात.

पैशांच्या व्यवहाराची बाजू तुलनेने सोपी आहे. दहा वर्षांवरील मुलांना बँकेत स्वतः चालवायचे बचत खाते उघडता येते. त्यावरील मर्यादा प्रत्येक बँक आपापल्या धोरणानुसार ठरवते. अल्पवयीन मुलाचे उत्पन्न एरवी पालकांच्या उत्पन्नात मिळवले जाते, मात्र अंगमेहनतीतून किंवा स्वतःच्या कौशल्यातून आणि ज्ञानातून कमावलेले उत्पन्न आयकर कायद्याने त्यातून वगळलेले आहे. वडिलांचा कर वाढेल या धास्तीने शिकवणीचे पैसे लपवण्याचे काही कारण नाही.

शिकवणी

चारही पर्यायांत सर्वांत कमी भांडवलाचे आणि घराच्या सर्वांत जवळचे काम हेच. राज्यातील असंख्य मराठी शाळांत सेमी-इंग्रजीची सोय आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व बाकीचे विषय मराठीतून. अशा मुलांच्या घरी बहुधा कोणीतरी इतिहास-भूगोल घेऊ शकते, पण इंग्रजीतले विज्ञान समजावताना अडते. जी मुलगी स्वतः दोनच वर्षांपूर्वी सेमीतून दहावी झाली, तिला इंग्रजी संज्ञा आणि तिचा मराठी अर्थ दोन्ही ठाऊक असतात. पन्नाशीच्या अनुभवी शिक्षकापेक्षाही आठवीच्या मुलाची अडचण तिला कधीकधी लवकर कळते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग संस्थांना पदवीपेक्षा कमी शिक्षण असलेले शिक्षक नेमता येत नाहीत. पण त्या सूचना पन्नासपेक्षा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थांसाठी आहेत, घरी बसून चार मुलांना शिकवणाऱ्यांसाठी नाहीत. मोठ्या क्लासमध्ये ‘असिस्टंट टीचर’ म्हणून बोलावणे आले, तर मात्र ही अट लक्षात ठेवावी.

शिकवताना स्वतःचा पाया पक्का होतो, हे खरे आहे. ऋण गुणिले ऋण धन का, असे आठवीतल्या मुलाने विचारले की आपण तो नियम नुसता पाठ केला होता हे शिकवणाऱ्याला उमगते. अडचण अशी की येथे शिकवणाऱ्याची चूक दाखवायला समोर कोणी नसते. चुकीचे समजावले, तर ते सहामाहीच्या पेपरात उघड होते आणि तोवर चार महिने गेलेले असतात. आपल्या एखाद्या जुन्या शिक्षकांकडे आठवड्यातून एकदा शंका घेऊन जाण्याची तयारी असेल, तरच हे काम घ्यावे, असे मी म्हणेन. उत्पन्न नियमित, पण हंगामी असते: जूनमध्ये सुरुवात, दिवाळीनंतर वाढ आणि एप्रिल-मेमध्ये शून्य. दहावीनंतरच्या सुट्टीतच काम हवे असेल, तर हा पर्याय नेमका तेव्हाच बंद असतो.

दुरुस्तीचे दुकान

या पर्यायाकडे सुशिक्षित घरांत नाके मुरडली जातात आणि मला तो चौघांत सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही इलेक्ट्रॉनिक्सची ठरलेली ठिकाणे, परंतु हल्ली प्रत्येक बाजारपेठेच्या गावात दुरुस्तीची चार-दोन दुकाने असतातच. पहिले काही आठवडे वाट्याला येते ते टेम्पर्ड ग्लास बसवणे, आलेल्या फोनची वहीत नोंद करणे आणि गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ असे सांगणे. त्यानंतर चार्जिंग पोर्ट साफ करणे, बॅटरी बदलणे, फुटलेला डिस्प्ले, म्हणजे धंद्याच्या भाषेत ‘फोल्डर’, बदलणे ही कामे हाताखाली येतात. खरे शिक्षण सुरू होते ते ‘डेड सेट’पाशी, म्हणजे अजिबात सुरू न होणाऱ्या फोनपाशी. कारागीर बोर्ड डीसी सप्लायला जोडतो आणि पॉवरचे बटण दाबण्याआधीच अँपिअरचा काटा हलला की मुख्य लाइनवर कुठेतरी शॉर्ट आहे हे ओळखतो. मग मल्टिमीटर बीपवर टाकून एकेक कपॅसिटर तपासत जातो. शाळेत शिकलेला ओहमचा नियम येथे दिवसातून दहा वेळा वापरला जातो, त्याचे नाव कोणी घेत नाही इतकेच. प्रयोगशाळेतल्या प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक असते; येथे ते कोणालाच ठाऊक नसते आणि फोन सुरू झाला की नाही, हे पाच मिनिटांत कळते. चूक इतक्या लवकर आणि इतक्या निर्विवादपणे दाखवणारे दुसरे काम या यादीत नाही.

धोके आहेत आणि ते नेमके ओळखावेत. जुन्या पद्धतीच्या सोल्डरमध्ये, म्हणजे बोर्डावरचे भाग जोडण्याच्या मिश्रधातूत, ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असते व ते १८३ अंश सेल्सिअसला वितळते. टाके मारताना निघणारा धूर शिशाचा नसून फ्लक्सचा, म्हणजे टाका नीट बसावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा असतो आणि तो श्वासनलिकेला त्रास देतो. शिसे पोटात जाते ते न धुतलेल्या हातांनी वडापाव खाल्ल्यामुळे. म्हणून खिडकी किंवा पंखा आणि साबण या दोन गोष्टी दुकानात आहेत का, हे पालकांनी डोळ्यांनी पाहावे. फुगलेल्या लिथियम बॅटरीला नवशिक्याने हात लावू नये, कारण ती टोचली गेली तर पेट घेते. गिऱ्हाइकाच्या फोनच्या लॉकचा पॅटर्न किंवा फोटो पाहणे हा दुसऱ्या प्रकारचा धोका आहे आणि त्याबाबत मालक स्वतः किती काटेकोर आहे यावरून दुकानाची पारख होते. सीसीटीव्ही बसवणाऱ्यांकडे काम असेल तर शिडीवर चढणे आणि दुचाकीवरून घरोघर जाणे ओघाने येते. गिअरच्या गाडीचा परवाना अठराशिवाय मिळत नाही आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने विनापरवाना गाडी चालवल्यास पालकांना २५ हजार रुपये दंड आणि कैदही होऊ शकते. दुकानात बसून करायचे काम आणि बाहेर फिरण्याचे काम यांत म्हणूनच स्पष्ट फरक करावा.

पैशांच्या बाबतीत हा पर्याय सर्वांत कमकुवत आहे. ‘शिकतोय ना, मग पगार कसला’ असे अनेक मालक सरळ म्हणतात. महिनाभर ते समजून घेता येईल. दोन महिन्यांनंतरही मुलगा काउंटरवरच उभा असेल आणि त्याच्या हाती सोल्डरिंग गन आली नसेल, तर त्याला तेथे कोणी शिकवत नाही असे समजून काम सोडावे. मुलींना या दुकानांत जागा मिळणे अजून अवघड जाते हेही मान्य केले पाहिजे. त्यांना लॅपटॉप आणि प्रिंटर दुरुस्तीची दुकाने त्यातल्या त्यात बरी पडतात, कारण तेथे गर्दी कमी आणि बसून करण्याचे काम जास्त असते.

सेवा केंद्र

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमिलेयर, सातबारा आणि प्रवेशाचे अर्ज यांसाठी जूनमध्ये सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात आणि तेव्हा स्कॅनिंग व टंकलेखनासाठी हात कमी पडतात. दहावीनंतरच्या सुट्टीशी हा हंगाम बरोबर जुळतो आणि महिन्याचा पगारही ठरलेला मिळतो. तंत्रज्ञान म्हणून मात्र येथे शिकण्यासारखे थोडेच आहे: युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन, फोटो ठरावीक केबीत बसवणे आणि सर्व्हर बंद असताना शांत राहणे. ज्यांना पुढे सरकारी नोकरीसाठी राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा द्यायची आहे, त्यांचा सराव आयता होतो. जोखीम लॉगिनची आहे. केंद्रचालकाच्या नावाने मुलाने अर्ज भरायचे, लोकांचे आधार क्रमांक व ओटीपी हाताळायचे, आणि काही गैर झाले की बोट त्याच्याकडेच वळायचे, असे होऊ शकते. स्कॅनिंग आणि टंकलेखन इथपर्यंतच हद्द आखून घेतली, तर दोन महिन्यांसाठी हे काम ठीक आहे.

घरबसल्या कोडिंग

मुलांचा ओढा सर्वांत जास्त याच पर्यायाकडे असतो आणि कमाईपुरते बोलायचे तर अठराच्या आत हाच सर्वांत फसवा आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, त्यामुळे अनोळखी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर वसुलीसाठी हातात काही राहत नाही. सुटी कामे मिळवून देणाऱ्या अपवर्कसारख्या मोठ्या ऑनलाइन मंचावर खाते उघडायलाच अठरा वर्षे पूर्ण लागतात. मुक्त स्रोत प्रकल्पांत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना पाहता-बदलता येतो अशा प्रकल्पांत, काम करायला मानधन देणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमाची अटही तीच आहे, आणि शाळकरी मुलांसाठी असलेली गूगल कोड-इन स्पर्धा २०१९ च्या पर्वानंतर बंद झाली. ‘घरबसल्या डेटा एंट्री, आधी नोंदणी शुल्क भरा’ या जाहिराती तर सरळ फसवणुकीच्या असतात. पैसे भरल्यावर काम निकृष्ट ठरवून कायदेशीर नोटिशीची धमकी देणे ही त्यांची नेहमीची रीत आहे.

दोन वाटा तरीही खुल्या राहतात. ओळखीतल्या डेअरीचे हिशेबाचे शीट, सोसायटीच्या देखभाल वर्गणीची नोंद किंवा मामांच्या दुकानाचे साधे संकेतस्थळ अशी कामे पालकांच्या मध्यस्थीने घेता येतात. दुसरी वाट बिनपैशांची आहे: मुक्त स्रोत प्रकल्पांत लहान दुरुस्त्या पाठवणे. तेथे अनुभवी माणसे कोड वाचून चूक ओळीनिशी दाखवतात आणि तसे शिक्षण फी भरूनही सहज मिळत नाही.

याखेरीज उन्हाळ्यात रोबोटिक्सच्या शिबिरांत मदतनीस लागतात. अर्दुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, हाताळलेला असेल तर पंधरा दिवसांचे ते काम आनंदाने घ्यावे. ड्रोनफवारणीचे आकर्षण ग्रामीण भागात वाढले आहे, पण त्यासाठीचे रिमोट पायलट प्रमाणपत्र अठरा वर्षांखालील मुलांना मिळत नाही. ज्याला अभ्यासापेक्षा हातानेच शिकायचे आहे, त्याने अर्धवेळ कामाऐवजी पाबळच्या विज्ञान आश्रमाची चौकशी करावी, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत वर्कशॉप, शेती, ऊर्जा आणि आरोग्य या विषयांचे निवासी शिक्षण प्रत्यक्ष कामांतूनच दिले जाते.

कोणी काय निवडावे

घरात पैशांची निकड असेल, तर सुट्टीपुरते सेवा केंद्र आणि जूनपासून शिकवणी हा क्रम सर्वांत भरवशाचा आहे. अभियांत्रिकीकडे किंवा पदविकेकडे कल असेल, तर कमी पैशांत दुरुस्तीचे दुकान धरावे आणि शक्य असल्यास दहावीच्या सुट्टीतच धरावे, कारण तेव्हा दुपारचे तीन तास सलग देता येतात. संगणकात गती असलेल्या मुलाने कमाईची घाई न करता मुक्त स्रोताकडे वळावे आणि खिशाला हवे तेवढे एखाद-दोन शिकवण्यांतून मिळवावे. बोलायला लाजणाऱ्या मुलाला शिकवणी लगेच जमणार नाही; दुकानातले काउंटर त्याला अधिक मानवते, असे माझे निरीक्षण आहे, निदान तेथे बोलण्यासाठी हातात फोन तरी असतो.

एमएचटी-सीईटीत अकरावीचा भाग २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के असतो, म्हणून अकरावीत अर्धवेळ काम निभावते. जेईईची तयारी करणाऱ्यांना ही सवलत नाही. बारावीच्या वर्षी काम चालू असेलच, तर ते दिवाळीपूर्वी थांबवण्याची तारीख मालकाला किंवा शिकवणीच्या पालकांना आधीच सांगून ठेवावी. दुकान पाहायला जाताना तीन गोष्टी विचाराव्यात: सातच्या आत सोडणार का, पहिला टाका मारायला किती दिवसांनी देणार, आणि मुलाच्या हातून गिऱ्हाइकाचा फोन बिघडला तर भरपाई कोण करणार. तिसऱ्या प्रश्नाला मालकाने स्वतःचे नाव सांगितले, तर पुढच्या आठवड्यापासून पाठवायला हरकत नाही.