शनिवार वसूल, रविवार मात्र घरभाड्याची चिंता नसणाऱ्यांसाठी

अंधेरी पश्चिमेच्या एका स्टुडिओत शनिवार-रविवार चालणारं कॅमेरा ऑडिशनचं शिबिर केलं. फी ९,००० रुपये, जीएसटी वेगळा. मी एकांकिका स्पर्धांतून आलेली, आता व्यावसायिक नाटकात नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशांवर काम करते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय कॅमेऱ्यासमोर आड येते, ती मोडायला गेले होते. ते काम झालं.

शनिवार सरांचा. ऑडिशनच्या सुरुवातीला जो इंट्रो देतात (नाव, वय, उंची, राहता कुठे, मग डावी बाजू, उजवी बाजू, हात पुढून-मागून) त्यावरच त्यांनी तासभर घालवला. आपण तो शाळेतल्या हजेरीसारखा उरकतो. सरांचं म्हणणं, पुढचं बघायचं की नाही हे बघणारा इथेच ठरवतो. मग लेन्सला अगदी लागून पिवळी चिकटपट्टी लावली, क्यू (समोरच्या पात्राची वाक्यं) देणाऱ्या मुलाला तिथे उभं केलं आणि मला म्हणाले, "ताई, हा शिवाजी मंदिरच्या बाल्कनीत बसलेला नाहीये. इथे आहे, हातभर अंतरावर." दुसरा टेक मी जवळजवळ पुटपुटतच दिला. मॉनिटरवर दोन्ही टेक शेजारी-शेजारी लावले तेव्हा पहिल्यात माझ्या भुवयाच नाटक करत होत्या. एवढ्यासाठीसुद्धा शनिवार करावा.

एकच खटकलं. सरावाचे कागद वाटताना एकावर होतं, 'नायकाची आई, अपमार्केट लूक'. दुसऱ्यावर, 'घरकामाची बाई, सावळी, गावाकडची'. मी तोंड उघडायच्या आत दुसरा कागद माझ्या हातात. बाहेर कास्टिंगच्या ग्रुपवर येणारे ब्रीफ (कसा कलाकार हवा त्याचं वर्णन) असेच असतात हे मान्य, पण इथे आम्ही पैसे भरून शिकायला आलो होतो ना? आईचा कागद मागितला, सरांनी लगेच दिला. आता मी सगळीकडे त्याच रोलची क्लिप पाठवते.

रविवारी 'करिअर प्लॅनिंग'. वेगळ्या मॅडम, प्रोजेक्टर, स्लाइड्स. पहिलाच नियम : सुरुवातीची दोन वर्षं हवालदार, मोलकरीण, ड्रायव्हर असले रोल घ्यायचे नाहीत, शिक्का बसतो. शिक्का बसतो हे शंभर टक्के खरं. हिंदीत आपल्या किती चांगल्या नटनट्यांची उमर झाडू आणि काठी हातात घेऊन गेली ते आपण बघत आलोय. पण नाही म्हणायचं तर महिन्याचं भाडं दुसरं कुणीतरी भरत असावं लागतं. ऑडिशनचे कुणी पैसे देत नाही. आरामनगरचं (वर्सोव्यातला ऑडिशनचा अड्डा) बोलावणं आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर येणार, म्हणजे सकाळी नोकरीवर दांडी. एवढं करून मालिका मिळालीच, तर पैसे ९० दिवसांनी. बॅचमध्ये फूड डिलिव्हरी करणारा एक मुलगा होता, शनिवार-रविवारचा इन्सेंटिव्ह बुडवून आलेला. त्याने विचारलं, "मॅडम, दोन वर्षं खायचं काय?" सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "बॅकअप ठेवायचा," आणि पुढची स्लाइड. त्याच्या शेजारच्या मुलाला वडिलांनी वर्सोव्यात फ्लॅट घेऊन दिलाय. तो हे सगळं नीट वहीत उतरवून घेत होता. चांगला मुलगा आहे, काम पण बरं करतो. पण मॅडमचा सल्ला बॅचमध्ये फक्त त्यालाच परवडणारा होता.

आणि पुढची स्लाइड कुणाची, तर नवाजुद्दीन सिद्दिकीची. 'संयम' म्हणून. एनएसडीतून (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) तो १९९६ला बाहेर पडला, खरी ओळख मिळाली २०१२च्या आसपास. मधल्या काळात त्याने काय केलं? पोलीस कोठडीत मार खाणारा गुन्हेगार, खिसेकापू, असलेच दोन-दोन मिनिटांचे रोल! एनएसडीच्या आधी तर वॉचमनची नोकरी केलेली. म्हणजे मॅडमनी 'घेऊ नका' म्हणून जे सांगितलं, नेमकं तेच घेत तो टिकला. हे बोलून दाखवलं, तर "तो अपवाद आहे" असं उत्तर आलं. अपवाद होता तर स्लाइडवर कशाला?

या सत्राला मॅडमऐवजी छोटी कामं करत घर चालवणारा एखादा नट बसवा. कुठली मोलकरीण घ्यायची आणि कुठली सोडायची, ओळी किती, पात्राला नाव आहे का, दिवसाचे किती मागायचे, पैसे अडकले तर सिंटाकडे (सिने-टीव्ही कलाकारांची संघटना) कसं जायचं, हे तोच सांगू शकेल.

बाकी सोय ठीक. एसी जोरात, आवाज रेकॉर्ड करताना बंद करतात. एडिट केलेल्या क्लिप आठवड्याच्या आत मिळाल्या, आवाज स्वच्छ आहे.

शेवटी काउंटरवर 'कास्टिंग डेटाबेस' म्हणून वेगळे २,५०० रुपये मागतात. ते भरू नका, नीट काम करणारा कुठलाही कास्टिंगवाला ऑडिशनसाठी पैसे घेत नाही. आणि फक्त शनिवार करायचा असेल तर फोनवर तसं विचारा. वेबसाइटवर लिहिलेलं नाही, पण आमच्या बॅचमधल्या एका मुलीला ५,५०० रुपयांत दिला होता.