सिंथ यूएसबीने लॅपटॉपला जोडून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

गेल्या गणपतीनंतर ६१ कीजचा एक सिंथ, म्हणजे सिंथेसायझर कीबोर्ड, सेकंडहँड घेतला. खरं तर मागे प्रिंटरला असतं तसलं चौकोनी यूएसबी पोर्ट दिसलं म्हणूनच घेतला. मी डोंबिवलीत राहतो, ऑर्केस्ट्रात वाजवतो, घरी जिंगलचं आणि भावगीतांच्या ट्रॅकचं किरकोळ काम करतो, आणि डोक्यात एवढंच होतं की एक वायर लावली की वाजवलेलं सगळं लॅपटॉपात. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढच्या बहुतेक कटकटी माझ्या अज्ञानाच्या आहेत आणि कुठल्याही सिंथला होतील.

पहिल्या रात्री ड्रायव्हर बिव्हर काही लागला नाही, विंडोजने आपणहून ओळखला. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं होतं (६० दिवस फुकट वापरून बघता येतं), त्यात प्रेफरन्सेसमध्ये मिडी इनपुट चालू केला, ट्रॅकचं लाल बटण दाबलं, वाजवलं, स्क्रीनवर छोट्या छोट्या आडव्या पट्ट्या उमटल्या, एकदम भारी वाटलं. प्ले केलं तर शुकशुकाट. अर्धा तास आवाज वर खाली करून झाला, हेडफोन बदलून झाले, शेवटी रात्री साडेअकराला आमच्या ऑक्टापॅडवाल्याला फोन. तो म्हणाला, "अरे त्या वायरीतून आवाज जातच नाही, नुसता हिशोब जातो." कुठली की दाबली, किती जोरात, कधी सोडली, बस. ह्या हिशोबालाच मिडी म्हणतात. म्हणजे तुम्ही नोटेशन लिहून दिलंय, आता ते वाजवायला कुणीतरी पाहिजे, एकतर लॅपटॉपातलं प्लगिन (वाद्याचा आवाज काढणारं सॉफ्टवेअर) नाहीतर सिंथ स्वतः. काही सिंथ त्याच वायरीतून ऑडिओही पाठवतात, माझा नाही पाठवत. घेण्याआधी मॅन्युअलमध्ये 'यूएसबी ऑडिओ' लिहिलंय का बघा, नुसतं 'यूएसबी मिडी' असेल तर ऑडिओ इंटरफेसचे, म्हणजे वाद्याचा आवाज लॅपटॉपात घेणाऱ्या डबीचे, पैसे वेगळे धरा. मला धरावे लागले.

इंटरफेस आला, सिंथचे लेफ्ट राइट त्यात घातले, आणि रीपरमधून मिडी परत सिंथकडे पाठवला, म्हणजे आधी नोट्स रेकॉर्ड करायच्या, चुका सुधारायच्या, मग सिंथच्याच आवाजात वाजवून ऑडिओ घ्यायचा. ही पद्धत मला अजूनही सगळ्यात आवडते. फक्त पहिल्या दिवशी प्रत्येक सूर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटायला लागला आणि मोठे कॉर्ड धरले की मधले सूर गळायला लागले. कारण प्रत्येक की दोनदा वाजत होती, एकदा थेट आणि एकदा लॅपटॉपला वळसा घालून. उपाय म्हणजे सिंथच्या मेनूत 'लोकल कंट्रोल' ऑफ करायचा, मग कीबोर्ड आणि त्याच्या पोटातला आवाज यांचा संबंध तुटतो आणि सगळं लॅपटॉपमार्गे जातं.

आता माझ्या मॉडेलवर सिंथ बंद करून परत चालू केला तरी ही सेटिंग तशीच राहते. हे मला कल्याणच्या एका कार्यक्रमाला साउंड चेकच्या वेळी कळलं. एकही की वाजेना. साउंडवाला पोरगा दोनदा स्टेजवर येऊन वायर बदलून गेला, "दादा माझ्याकडे लाइन ओके आहे, तुमच्याकडेच बघा", निवेदिका माझ्याकडे बघतेय, गायिकेची पट्टी काळी पाच म्हणून मी ट्रान्सपोज मायनस दोन करण्यात गुंतलेलो, आणि आवाजच नाही. दहा मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला, लोकल ऑफच राहिलाय. घाम फुटला होता एसी हॉलमध्ये.

लॅपटॉपातले आवाज सिंथवरून वाजवायचे तर बफरचं बघावं लागतं, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हातात घेतो ते. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सँपलचा बफर म्हणजे साडेअकरा मिलिसेकंदांच्या वर, आणि बाकीचा उशीर आणखी वेगळा. ठेक्यावर वाजवताना बोटं मागे पडल्यासारखी वाटतात. १२८ वर आणला की तेच ३ च्या आत, मात्र प्लगिन जास्त झाले की तडतड सुरू. मी वाजवताना १२८ आणि मिक्स करताना १०२४ ठेवतो. मींड घेणाऱ्यांनी अजून एक बघा, सिंथवर पिच बेंडची (सूर वर-खाली सरकवण्याची) रेंज २ सेमीटोन आणि प्लगिनवर १२ असेल तर सारंगीची हळुवार मींड थेट सप्तकभर जाते, दोन्हीकडे आकडा सारखा करा.

खरा ताप झाला तो घरघरीचा. लॅपटॉपचा चार्जर लावला की हेडफोनमध्ये घूंऽऽ, त्यावर बारीक किरकिर, आणि माउस हलवला की किरकिरीची लय बदलायची! चार्जर काढला की शांत. दोन महिने मी बॅटरीवर रेकॉर्डिंग केलं, लॅमिंग्टन रोडवरून तीन केबल आणून झाल्या, काही फरक नाही. मग कळलं की सिंथ लॅपटॉपला दोन वाटांनी जोडलेला आहे, एक यूएसबी आणि दुसरी ऑडिओ केबल, इंटरफेसमधून. ग्राउंडचं (अर्थिंगचं) वर्तुळ पूर्ण होतं आणि चार्जरची घाण त्यातून फिरते.

आणि उपाय माझ्या इंटरफेसच्या मागेच होता, मिडीचं जुनं पाच पिनचं गोल पोर्ट, ज्याला मी आठवा महिना लागेपर्यंत हात लावला नव्हता. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम शो ह्या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ जोडून दाखवले, ते ह्याच पोर्टने. त्या लोकांनी तेव्हाच मिडी इनमध्ये ऑप्टो-आयसोलेटर घातला, म्हणजे आत एक बारीक एलईडी लुकलुकतो आणि समोरचा सेन्सर ते बघतो, विजेचा थेट संबंधच नाही. स्पीड सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एका नोटला साधारण एक मिलिसेकंद, मला पुरे. जायला एक आणि यायला एक अशा दोन केबल लावल्या, यूएसबी काढली, चार्जर लावला, हेडफोन घातले. काहीच ऐकू आलं नाही. मी चक्क हसलो.

यूएसबी आता फक्त पॅचचा (सिंथमध्ये बनवलेल्या आवाजांचा) बॅकअप घ्यायला लावतो. तुमचा सिंथ बॅलन्स्ड आउटपुटचा (वायरीत शिरलेली घरघर कापणारा) असेल तर कदाचित ही वेळ येणारही नाही. यूएसबीच वापरणार असाल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमधला 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा, माझा सिंथ चहा प्यायला गेलो की गायब व्हायचा, तो त्यानंतर झाला नाही.

कीबोर्डच्या कडेला मी पांढरी चिकटपट्टी लावून 'लोकल ऑन?' लिहून ठेवलंय. गेल्या आठवड्यात तोच साउंडवाला भेटला, पट्टी वाचली आणि सगळ्यांसमोर विचारतो, "काय दादा, आज लोकल वेळेवर ना?"