तिरानाचं बंकआर्ट १: अल्बेनियाला गेलात तर अर्धा दिवस इथे द्याच

तिरानाला जाणार असाल तर हे बंकर म्युझियम अजिबात चुकवू नका, आणि तासाभरात उरकू असं ठरवून तर जाऊच नका. शहराच्या कडेला दाय्ती डोंगराच्या पायथ्याशी आहे, केबल कारच्या स्टेशनजवळ, सेंटरहून सिटी बस मिळते. पाच मजले, १०६ खोल्या, अणुहल्ला झाला तर तेव्हाचा हुकूमशहा एन्वर होजा आणि त्याच्या कम्युनिस्ट पक्षाच्या बड्या लोकांनी इथून कारभार चालवायचा म्हणून सत्तरच्या दशकात बांधलेलं, २०१४ ला म्युझियम झालं.

होजाच्या खोलीत जरा थांबा. भिंतींना लाकडी पॅनेलिंग, टेबल, फोन, आत झोपायची सोय, बाथरूम, आणि हे सगळं जाडजूड काँक्रीटच्या दारांमागे. पंतप्रधान मेहमेत शेहूसाठीही जागा ठेवलेली.

जायच्या आधी पक्षाचा इतिहास थोडा वाचून जा, खूप फरक पडतो. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये, इटलीचा ताबा असताना, तिरानात लपूनछपून पक्ष स्थापन झाला आणि तीन वर्षांत सत्तेवर आला. मग १९४८ ला युगोस्लाव्हियाशी फाटलं, १९६१ ला रशियाशी, १९७८ ला चीननेही मदत बंद केली, आणि पंचवीस-तीस लाखांच्या त्या देशात लाखाच्या वर बंकर उभे राहिले कारण सगळीकडून हल्ला होणार असं लोकांना रोज सांगितलं जायचं. पण बाहेरून कोणी आलंच नाही हो. गृहमंत्री राहिलेला कोची जोजे, त्याला १९४९ मध्ये आपल्याच पक्षाच्या राजवटीने मारलं. संरक्षणमंत्री बेकिर बलुकू, हे बंकर बांधायचं काम चालू असतानाच १९७५ ला त्यालाही. आणि शेहू १९८१ च्या डिसेंबरमध्ये गेला, आत्महत्या म्हणून जाहीर केलं आणि नंतर त्यालाच परदेशी हेर ठरवलं. हे माहीत असेल तर त्या खोल्यांमधून फिरताना अक्षरशः अंगावर काटा येतो.

आत गारठा असतो, उन्हाळ्यातही जॅकेट न्या. बंकआर्ट २ गावात स्कंदरबेग चौकाजवळ आहे, तिथे सिगुरिमीचा म्हणजे गुप्त पोलिसांचा भाग बघायला मिळतो. जवळ पडतं म्हणून बरेच जण तेवढंच करतात, पण माझं ऐका, आधी डोंगराजवळचं बघा आणि दुसऱ्या दिवशी गावातलं.