आयनी द्रवात लिथियम क्षार: विरळ मिश्रण घ्यावे की दाट?

लिथियम बॅटरीच्या सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडांमधला वाहक द्रव म्हणून आयनी द्रव (केवळ आयनांचा बनलेला, साध्या तापमानाला द्रव राहणारा क्षार) वापरायचा हे पक्के झाले, त्यात पायरोलिडिनियम हा धन आयन आणि एफएसआय (बिस-फ्लुओरोसल्फोनिल-इमाइड) हा ऋण आयन निवडूनही झाला, की पुढचा प्रश्न लिथियम क्षाराच्या प्रमाणाचा येतो. विरळ मिश्रणात १० मोल टक्क्यांच्या (वजनावर नव्हे, कणांच्या संख्येवर मोजलेल्या टक्क्यांच्या) आसपास क्षार असतो, दाट मिश्रणात जवळपास ५०. प्रोपिल-मिथिल पायरोलिडिनियम एफएसआय या आयनी द्रवाच्या एका किलोत पहिल्यासाठी ७० ग्रॅमही लिथियम एफएसआय लागत नाही, दुसऱ्यासाठी मात्र सुमारे ६०० ग्रॅम लागतो. दोन्ही मिश्रणांवर मी बराच काळ काम केले आहे.

विरळ मिश्रण हाताळायला सुखाचे आहे. ते पातळ असते, एकूण वाहकता जास्त मिळते आणि सेल भरताना फारसा त्रास होत नाही. दाट मिश्रण पॉलिओलेफिन प्लास्टिकच्या सेपरेटरवर (दोन इलेक्ट्रोडांमधल्या सच्छिद्र पडद्यावर) थेंबाथेंबाने बसून राहते, हवेचे बुडबुडे अडकतात, आणि सेल भिजेपर्यंत थांबावे लागते. केवळ वाहकतेचा आकडा पाहून निवड करायची असेल, तर विरळ मिश्रणच जिंकते, आणि मीही सुरुवातीला तेच निवडले होते.

माझे मत फिरले ते एका त्रासामुळे. दोन्ही बाजूंना लिथियम धातू असलेल्या सेलमधून स्थिर विद्युतप्रवाह सोडला की विरळ मिश्रणात व्होल्टेजची रेषा काही क्षण नीट राही आणि मग चढू लागे. प्रवाहाची दिशा उलटवली की ती खाली येई आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तशीच चढे. प्रवाह थोडा वाढवला तर चढ आणखी तीव्र होई, आणि दर वेळी प्रवाह बंद करून सेल शांत होण्याची वाट पाहावी लागे. आधी मी लिथियमच्या पृष्ठभागाला दोष दिला, धातू बदलला, सेपरेटर बदलला. चढ काही गेला नाही.

कारण द्रवाच्या आतच होते. विरळ मिश्रणात लिथियम एकटा फिरत नाही. ऋण आयनांच्या ऑक्सिजन अणूंनी त्याला वेढलेले असते, आणि एका धनभाराभोवती दोन-तीन ऋणभार जमले की तो सगळा समूहच ऋणभारित होतो. विद्युतक्षेत्र अशा समूहाला लिथियमने जायला हवे त्याच्या उलट दिशेला ओढते. विद्युतक्षेत्रात केलेल्या एनएमआर (चुंबकीय अनुस्पंदन) मापनांतून काही मिश्रणांत लिथियमचा वहनातील वाटा चक्क ऋण असल्याचे २०१८ मध्ये दाखवले गेले आहे. तरीही सेल चालतो, कारण दोन इलेक्ट्रोडांमध्ये संहतीचा (क्षाराच्या प्रमाणाचा) उतार तयार होतो आणि लिथियम त्या उतारावरून विसरणाने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत, पुढे येतो. व्होल्टेजच्या रेषेतला चढ याच उताराचा असतो. एकूण वाहकतेचा मोठा आकडा प्रामुख्याने बिनकामाच्या आयनांचा आहे, हे मला तेव्हा उमगले.

दाट मिश्रणात प्रत्येक लिथियमला स्वतःचा वेढा पुरेल इतके ऋण आयनच उरत नाहीत. एकच ऋण आयन दोन लिथियमांना धरतो, जोडणी तुटते, दुसरी जुळते, आणि लिथियम सगळा वेढा ओढत नेण्याऐवजी एका जोडीदाराकडून दुसऱ्याकडे सरकतो. द्रव कितीतरी घट्ट झालेला असतो, एकूण वाहकताही घटलेली असते, पण त्या घटलेल्या वाहकतेत लिथियमचा वाटा वाढलेला असतो. माझ्या सेलमध्ये त्याच प्रवाहाला रेषा बऱ्यापैकी सपाट आली, आणि ते पाहिल्यावर भरण्याचा त्रास मला क्षुल्लक वाटू लागला.

अर्थात हे सर्वांना लागू पडेल असे मी म्हणणार नाही. प्रवाह अगदी कमी ठेवायचा असेल किंवा थंडीत सेल चालवायचा असेल, तर विरळ मिश्रण सोयीचे ठरू शकते. ऋण आयन एफएसआयऐवजी टीएफएसआय (त्याच जातीचा दुसरा आयन) असेल, तर इतके दाट मिश्रण करण्याआधी विचार करावा. तो आयन आकाराने मोठा आहे आणि त्याचा द्रव आधीच जास्त घट्ट असतो. पण एफएसआय हाताशी असेल आणि सेलकडून प्रत्यक्ष प्रवाह घ्यायचा असेल, तर मी दाट मिश्रणाकडेच झुकतो. काचतंतूंचा सेपरेटर घेतला आणि भरलेला सेल ५० ते ६० अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवला, तर भिजण्याची अडचण बहुतेक सुटते.