खुबा ड्रिल करायचा की बदलायचा? (एव्हीएन)

मोजा घालायला पाय वर घेतला की उजव्या जांघेत कळ यायची. पहिला एक्स-रे नॉर्मल, म्हणून सहा महिने कंबर समजून बाम चोळला. एमआरआयमध्ये दोन्ही खुब्यांत एव्हीएन (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) निघालं. उजवा बदलला, डावा ड्रिल केला, त्यामुळे दोन्ही बाजू अनुभवून झाल्यात.

एव्हीएनमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरतं. कारण बहुतेकदा स्टेरॉइड, दारू किंवा जुना मार. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही. दुखणं किती यापेक्षा डॉक्टरांना एकच विचारा: गोळा अजून गोल आहे की चपटला?

गोल असेल तर कोअर डीकम्प्रेशन. लहान चिऱ्यातून मेलेल्या भागापर्यंत ड्रिल करतात. आतला दाब उतरतो, नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. ऑपरेशन छोटं, पण कुबड्या साधारण सहा आठवडे. मला दुसऱ्याच आठवड्यात बरं वाटायला लागलं आणि तिथेच फसायला होतं, कारण ड्रिल केलेलं हाड वजनाने मोडू शकतं. यश हमखास नाही. मेलेला भाग मोठा आणि नेमका वजनाखालचा असेल, तर पुढे गोळा बहुतेकदा चपटतो. सोबत स्टेम सेलचं (मूळ पेशी टोचण्याचं) पॅकेज सुचवतील. सुरुवातीच्या टप्प्यात काही अभ्यास आशादायक आहेत, पण चपटलेला गोळा त्याने पुन्हा गोल होत नाही. त्यासाठी कर्ज काढू नका.

गोळा चपटला असेल तर ड्रिलवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, सांधाच बदलावा. दुसऱ्या दिवशी मी वॉकरवर उभा होतो, जांघेतली कळ गायब. प्रश्न बसवलेल्या सांध्याच्या आयुष्याचा. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार २५ वर्षांनी १०० पैकी साधारण ५८ सांधे टिकलेले असतात. मात्र त्यातले बहुतेक रुग्ण वयस्कर. पस्तिशीत बसवला तर दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता धरूनच चला, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड. जंतुसंसर्ग आणि सांधा निखळण्याचा धोका थोडा, पण असतो. मांडी घालणं, उकिडवं बसणं याला माझ्या सर्जननी नाहीच म्हटलं. गावच्या घरी आधी कमोड बसवला, मग ऑपरेशनची तारीख घेतली.

डाव्याचा एक्स-रे दर सहा महिन्यांनी काढतो. अजून गोल आहे.